गुडघा दुखतोय? आधी सायकलची सीट मोजा

सातारा आणि सांगली हे एकाच कृष्णेच्या काठचे शेजारी जिल्हे. नोकरीतील बदल्यांमुळे दोन्हीकडच्या सरकारी रुग्णालयांत मी बाह्यरुग्ण विभाग सांभाळला. मधुमेह, रक्तदाब, वाढते वजन या तक्रारी दोन्हीकडे सारख्याच. सायकल चालवणाऱ्यांच्या तक्रारींत मात्र फरक दिसतो. साताऱ्याचा सायकलस्वार बहुधा गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवून येतो आणि विचारतो, "डॉक्टर, वाटी झिजली का ओ माझी?" सांगलीचा सायकलस्वार हाताची करंगळी चोळत येतो. त्याला मानेच्या मणक्याची शंका असते. बैठकीच्या जागेला येणारी बधिरता तर तो उठता उठता, आवाज खाली आणून सांगतो.

याचे बरेचसे उत्तर भूगोलात आहे. साताऱ्यातून बाहेर पडले की यवतेश्वरचा घाट समोर उभा राहतो. शहरापासून कास पठारापर्यंतच्या साधारण २५ किलोमीटरमध्ये सायकलस्वार सुमारे ५०० मीटर उंची चढतो. त्यात प्रत्येक पायडल जोर लावून दाबावे लागते आणि तो जोर गुडघ्यातून जातो. सांगली-मिरज, इस्लामपूर, पलूसकडचे रस्ते सपाट. तिथे जोर कमी लागतो, पण माणूस तास दीड तास एकाच बैठकीत, हाताची पकड न बदलता पायडल मारत राहतो. तिथे त्रास होतो तो दबलेल्या नसांना.

दोन्ही प्रकारच्या रुग्णांत एक गोष्ट मात्र वारंवार सारखी आढळते. सायकल आणि शरीर यांची मापे कोणी जुळवलेलीच नसतात. दुकानातून आली तेव्हा सीट जिथे होती, तिथेच ती दोन वर्षांनीही असते. दुखायला लागले की माणूस मेडिकलमधून गोळी घेतो. गोळीने भागले नाही की "आता वय झाले" म्हणून सायकल जिन्याखाली जाते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाच्या बाबतीत हे मोठे नुकसान आहे. मोठ्या कष्टाने लागलेली व्यायामाची सवय केवळ दोन-तीन सेंटिमीटरच्या चुकीपायी सुटते.

लहान चूक, गुणिले ९० हजार

सायकलच्या बाबतीत लहानशा चुकीचे इतके महत्त्व का, हे एका साध्या गुणाकारातून कळते. आरामात चालवणारा माणूसही मिनिटाला ६० वेळा पायडल फिरवतो. म्हणजे तासाला ३,६०० फेऱ्या. महिन्यातून २५ दिवस रोज एक तास सायकल चालवली, तर प्रत्येक गुडघा ९० हजार वेळा वाकतो आणि सरळ होतो. तोही दर वेळी त्याच मार्गाने आणि त्याच कोनात.

चालताना असे होत नाही. खड्डा आला, पायरी आली, वळण आले की पाऊल बदलते आणि शरीर आपली चाल जुळवून घेते. सायकलवर पाऊल पायडलला, बैठक सीटला आणि हात हँडलला बांधलेले असतात. या पाच टेकूंच्या मधली अंतरे ठरलेली असतात आणि शरीराला त्यांतच हालचाल करावी लागते. अंतरे योग्य असतील तर सायकलसारखा गुडघ्याला सोसणारा व्यायाम कमीच. शरीराचा बराच भार सीट उचलते आणि पाऊल आदळत नाही. म्हणूनच गुडघ्याच्या दुखण्यात आणि शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्ट रुग्णाला एका जागी उभ्या सायकलवर बसवतात. अंतरे चुकली तर मात्र तीच चूक महिन्याला ९० हजार वेळा होते.

सायकलने गुडघे झिजतात ही भीती आपल्याकडे फार आहे. अमेरिकेतील सुमारे २,६०० लोकांचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी नियमित सायकल चालवलेल्यांत वारंवार गुडघे दुखण्याचे प्रमाण इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी आढळले. अशा निरीक्षणावरून सायकलमुळेच गुडघे चांगले राहिले असे सिद्ध होत नाही. पण सायकल गुडघ्यांची शत्रू आहे, या समजाला त्यातून आधार मिळत नाही, एवढे नक्की.

सीटची उंची: पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे माप

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे सीट फार खाली असणे. बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकले की माणसाला सुरक्षित वाटते, आणि दुकानदारही तेवढेच पाहून सीट आवळतो. अशा सायकलवर पायडल खाली गेले तरी गुडघा बराच वाकलेला राहतो आणि वर आले की तो अवघडून दुमडतो. वाकलेल्या गुडघ्याने जोर लावताना वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. घाट चढताना, जिना उतरताना किंवा बराच वेळ मांडी घालून बसल्यावर वाटीच्या मागे दुखते, ते यामुळे.

सीट फार वर असली तर उलटे घडते. पायडल गाठण्यासाठी पाय ताणावा लागतो, चवडा खाली झुकतो आणि कंबर सीटवर डावी-उजवीकडे डुलते. मग गुडघ्याच्या मागे, पोटरीत, टाचेच्या वरच्या शिरेत किंवा कंबरेत दुखते. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येण्यामागेही कधी उंच सीट असते, तर कधी पायडलवर वाकडे पडणारे पाऊल. दुखणे पुढे असेल तर सीट खाली असल्याचा आणि मागे असेल तर वर असल्याचा संशय घ्यावा. हा ठोकताळा आहे, पण तपासणीची सुरुवात त्याने करता येते.

मग योग्य उंची किती? पायडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा वाक असावा, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात. पूर्ण सरळ पाय म्हणजे शून्य अंश. हा कोन स्थिर बसून मोजायचा असतो. प्रत्यक्ष पायडल मारताना चित्रीकरणातून मोजला तर तो थोडा जास्त भरतो.

कोन मोजण्याचे साधन घरी नसते, म्हणून काही सूत्रे प्रचलित झाली. हॅमली आणि थॉमस या संशोधकांनी १९६७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायाच्या आतील लांबीच्या १०९ टक्के असावे. आतील लांबी म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचे अंतर. अमेरिकेचा विजेता सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र सांगते की हीच लांबी ०.८८३ ने गुणावी. येणारा आकडा म्हणजे पायडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर.

पायाची आतील लांबी ७६ सेंटिमीटर असलेल्या माणसाचे उदाहरण घेऊ. पहिल्या सूत्राने पायडलपासून सीट ८२.८ सेंटिमीटरवर येते. दुसऱ्या सूत्राने ६७.१ सेंटिमीटर येतात. त्यात पायडलच्या दांडीची नेहमीची १७ सेंटिमीटर लांबी मिळवली की ८४.१ होतात. म्हणजे एकाच माणसासाठी दोन मान्यताप्राप्त सूत्रांत एक सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. मांडी आणि नडगी यांचे प्रमाण, पावलाची लांबी, बुटाचा तळवा, मांडीमागच्या स्नायूंची लवचिकता या गोष्टी माणसागणिक वेगळ्या असतात आणि कोणत्याच सूत्रात त्या मावत नाहीत. सूत्राने सुरुवात करावी आणि अंतिम निर्णय कोनावर व शरीराला मिळणाऱ्या आरामावर सोपवावा.

सीट वर घेतल्यावर सिग्नलला पाय कसे टेकायचे, असा प्रश्न हमखास येतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय जमिनीवर ठेवायचा, हे त्याचे उत्तर. दोन-चार दिवसांत सवय होते. ज्यांचा तोल जातो, ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, अशा वृद्धांना मात्र मी सीट थोडी खालीच ठेवायला सांगतो. खुब्याचे हाड मोडण्यापेक्षा गुडघ्यावर थोडा जास्त दाब परवडला. त्यांनी चढ टाळावा, गिअर हलका ठेवावा आणि अंतर कमी करावे.

बैठक आणि हात

सीट वर-खाली होते तशी ती पुढे-मागेही सरकते आणि तिचे टोक वर किंवा खाली झुकवता येते, हे अनेकांना माहीत नसते. सीटखालच्या नटाला पाना लावला की हे काम होते. सीट फार पुढे असेल तर गुडघा पायडलच्या बराच पुढे जातो. फार मागे असेल तर कंबर ताणली जाते. यासाठी गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. दोन्ही पायडल जमिनीला समांतर ठेवून बसावे आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडावा. तो पायडलच्या मध्याजवळून जात असेल तर सीट साधारण बरोबर आहे. हाही केवळ आरंभबिंदू आहे, शास्त्राचा अटळ नियम नव्हे.

आता त्या दबक्या आवाजातल्या तक्रारीकडे वळू. बसताना शरीराचा भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या बैठकीच्या दोन हाडांवर यायला हवा. त्यांच्या मधल्या मऊ भागातून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. सीट अरुंद असली, तिचे टोक वर उचललेले असले किंवा हँडल फार लांब असल्याने माणूस पुढे घसरत असला, तर भार हाडांवरून सरकून त्या मऊ भागावर येतो. मग तो भाग बधिर होतो. यावर उपाय म्हणून लोक बाजारातून जाड, गुबगुबीत सीट कव्हर आणतात. त्याने अनेकदा त्रास वाढतो, कारण बैठकीची हाडे त्यात रुततात आणि मधला भाग उलट जास्त दाबला जातो. हाडांच्या रुंदीला पुरणारी, बेताची कडक, मध्ये खाच असलेली आणि समतल लावलेली सीट बहुतेकांना मानवते. स्त्रियांमध्ये या दोन हाडांतील अंतर सहसा जास्त असते, त्यामुळे पुरुषांसाठी बनवलेली अरुंद सीट त्यांना टोचते. ती बदलून मागण्यात संकोच कसला? दर दहा मिनिटांनी काही सेकंद पायडलवर उभे राहिले तर रक्तपुरवठा पूर्ववत होतो. सगळे बदलूनही बधिरता येत राहिली किंवा उतरल्यावर बराच वेळ टिकली, तर ती अंगावर काढू नये. पुरुषांनी तर लाजेपोटी मुळीच नाही.

करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला येणाऱ्या मुंग्यांचे कारण बहुतेक वेळा मान नसून तळहात असते. मनगटाजवळ करंगळीच्या बाजूने एक नस जाते. हँडल फार खाली किंवा फार लांब असेल, तर धडाचा भार हातांवर येतो आणि ही नस हँडल व हाड यांच्यामध्ये चेंगरते. त्यात रस्ता खडबडीत आणि टायरमध्ये दगडासारखी हवा असेल तर प्रत्येक धक्का तिथेच पोहोचतो. हँडल थोडे वर आणि जवळ घ्यावे, कोपर किंचित वाकलेले ठेवावे, पकड अधूनमधून बदलावी, टायरवर छापलेल्या मर्यादेत हवा थोडी कमी ठेवावी. मनगट सरळ असावे. मधुमेहींना बोटांच्या मुंग्या साखरेमुळेही येतात. पण त्या बहुधा आधी पावलांत सुरू होतात आणि दोन्ही बाजूंना सारख्या असतात. फक्त सायकलवर बसल्यावर येणाऱ्या मुंग्यांचा इलाज सायकलपासून सुरू करावा.

घाटात गिअर कशासाठी?

साताऱ्याच्या सायकलस्वारांना मापांइतकाच गिअरचा सल्ला लागतो. घाटात जड गिअर लावून, दात-ओठ खात सायकल रेटणे अनेकांना मर्दुमकीचे वाटते. हिशेब मात्र सोपा आहे. वेग तोच ठेवून मिनिटाला ५० ऐवजी ८० फेऱ्या मारल्या, तर प्रत्येक फेरीत पायाला लावावा लागणारा जोर सुमारे ३७ टक्क्यांनी कमी होतो. फेऱ्या वाढतात आणि श्वास थोडा जास्त लागतो, पण गुडघ्यावरचा दाब उतरतो. चढ येण्याआधीच गिअर हलका करावा. चढावर इतका वेग परवडत नसेल, तर मिनिटाला ६०-७० फेऱ्याही चालतील.

छाती आणि श्वास यांचे भान मात्र ठेवावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा धूम्रपान असेल तर, घाटाची सवय लावण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. चढताना छातीत दाब येणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे याचा सीटच्या उंचीशी संबंध नसतो. तिथेच थांबून मदत मागवावी.

आणखी एक सवय धोक्याची आहे. दुखू नये म्हणून निघण्यापूर्वीच वेदनाशामक गोळी घ्यायची आणि मग दोन तास घाम गाळायचा. शरीरातले पाणी कमी झालेले असताना डायक्लोफेनॅकसारखी औषधे मूत्रपिंडावर ताण आणतात. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांचे मूत्रपिंड आधीच नाजूक असू शकते. गोळीने दुखणे झाकते आणि चुकीचे माप तसेच राहते.

आजोबांची काळी सायकल

"आमच्या आजोबांनी जन्मभर काळी सायकल हाकली, त्यांनी कुठे फिटिंग केले?" असे कोणी विचारले तर प्रश्न रास्त आहे. जुन्या काळ्या सायकलवर माणूस ताठ बसायचा. हँडल वर आणि अंगाकडे वळलेले, सीट रुंद, कातडी आणि खाली स्प्रिंग. हातांवर भार जवळजवळ नसायचा, वेग बेताचा असायचा आणि मधे चार ठिकाणी उतरून रामराम व्हायचा. आजच्या गिअरच्या सायकली वेगासाठी पुढे झुकवून बसवतात आणि त्यांची सीट अरुंद असते. बैठक जितकी पुढे झुकलेली, तितकी मापातली चूक जास्त जाचते. म्हणून माप जुळवण्याची गरज नव्या सायकलींनी वाढवली.

आणि जुन्या काळी दुकानदार केवळ विकून मोकळा होत नसे, याचा दाखला आपल्याच परिसराच्या इतिहासात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानाने झाली. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवत. याच लक्ष्मणरावांनी पुढे १९१० मध्ये औंध संस्थानाच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसवली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. शिकवणाऱ्याला गिऱ्हाइकाचे पाय कुठे पोहोचतात हे पाहावेच लागते. आज सायकल खोक्यातून घरी येते, मुलगा मोबाइलवर पाहून ती जोडतो आणि बाप तशीच चालवायला लागतो. दुकानातही बहुतेक वेळा रंग, गिअर आणि किंमत यांचीच चर्चा होते. माप पाहणारा माणूस मधून गळाला आहे.

वाढत्या अंगाची सायकल

याचा सर्वाधिक फटका शाळकरी मुलांना, त्यातही खेड्यांतून हायस्कूलला सायकलने जाणाऱ्या मुलींना बसतो. "पुढे तीन-चार वर्षे पुरेल" म्हणून आठवीतल्या मुलीला मोठी सायकल घेतली जाते. फ्रॉक वाढत्या अंगाचा घेतला तर दुमडून शिवता येतो. सायकलची नळी दुमडता येत नाही. मुलगी सीट अगदी खाली घेते, तरी पाय पुरत नाहीत. ती कंबर डावी-उजवीकडे टाकत पायडल मारते, हात ताणलेले आणि पाठीला दप्तर. मोठ्या चाकांच्या सायकलला ब्रेक दाबताना तिची बोटेही पुरत नाहीत. असे रोज आठ-दहा किलोमीटर झाले की कंबरदुखी येते आणि घरचे म्हणतात, "पोरीला सायकल झेपत नाही." सायकल सुटते, आणि एसटीची वेळ जमली नाही तर शाळाही बुडू लागते.

मुलांसाठी सायकल घेताना सीट सर्वांत खाली असताना चवडे जमिनीला सहज टेकतील आणि सीट वर घ्यायला पुढे बरीच जागा शिल्लक राहील, अशी निवडावी. वाढत्या वयात दर सहा महिन्यांनी उंची पाहून सीट वर घ्यावी. ब्रेकचे दांडे बोटांच्या आवाक्यात आणून घ्यावेत. अनेक सायकलींत त्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. शाळेच्या सायकल स्टँडवर वर्षातून दोनदा गावातल्या सायकल मिस्त्रीला बोलावून शंभर सीटा तपासून घेणे शाळेला अवघड नाही.

व्यावसायिक फिटिंग कोणासाठी?

पुण्या-मुंबईत आता सायकल फिटिंगचे स्टुडिओ आहेत. तिथे आधी जुन्या दुखापती विचारतात, पायांची लांबी, पावलांची ठेवण आणि स्नायूंची लवचिकता तपासतात. मग तुमची सायकल एका जागी बसवून घोटा, गुडघा, खुबा, खांदा यांवर खुणा चिकटवतात आणि पायडल मारताना चित्रीकरण करून कोन मोजतात. काही ठिकाणी सीटवरचा दाब दाखवणारी चादरही असते. या कामाला दोन-तीन तास आणि काही हजार रुपये लागतात.

ज्यांना साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची बीआरएम पूर्ण करायची आहे, जे स्पर्धेत उतरतात, ज्यांचे बूट पायडलला अडकवलेले असतात, ज्यांच्या पायांच्या लांबीत फरक आहे किंवा साधे बदल करूनही ज्यांचे दुखणे हटत नाही, त्यांना हा खर्च उपयोगी पडतो. लांब पल्ल्यावर शरीर काय भोगते याचे टोकाचे उदाहरण म्हणजे 'रेस अक्रॉस अमेरिका'. सुमारे ४,८०० किलोमीटरची ही शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. या शर्यतीत काहींचे मानेचे स्नायू इतके थकतात की डोके वर धरताच येत नाही. मायकेल शर्मर या स्पर्धकाला १९८३ मध्ये हा त्रास झाला, तेव्हापासून त्याला 'शर्मर्स नेक' हे नाव पडले.

उत्तम फिटिंगही एकदाच करून संपत नाही. पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला बेल्जियमचा एडी मर्क्स १९६९ मध्ये एका अपघातात जखमी झाला आणि त्याच्या कंबरेला कायमचा त्रास जडला. त्यानंतर तो शर्यतींतही सीटची उंची बदलत असे. वजन, वय, दुखापत, गर्भारपण यांनी शरीर बदलते, तसे मापही बदलावे लागते.

पण रोज दहा-पंधरा किलोमीटर चालवणाऱ्याला स्टुडिओ लागत नाही. त्याला लागतो एक टेप, एक पाना किंवा ॲलन की, एक भिंत आणि घरातले दुसरे माणूस.

घरच्या घरी अर्धा तास

१. नेहमीचे बूट घालून भिंतीला हात टेकून सायकलवर बसा. एक पायडल सर्वांत खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा जेमतेम सरळ व्हावा, कंबर कलू नये. आता टाचेऐवजी चवडा ठेवा. गुडघ्यात थोडा वाक दिसेल, तो हवा आहे.

२. सीटच्या दांड्यावर किमान किती आत असावे याची खूण असते. सीट त्या खुणेपलीकडे वर काढू नका, दांडा मोडतो. तेवढ्यानेही भागत नसेल तर सायकल तुमच्यासाठी लहान आहे.

३. सीट समतल आहे का ते गवंड्याच्या लेव्हलने किंवा मोबाइलवरील लेव्हलने पाहा.

४. दुसऱ्या माणसाला मागून पाहायला सांगा. पायडल मारताना कंबर डुलत असेल तर सीट थोडी खाली घ्या. गुडघे बाहेर फाकत असतील तर सीट फार खाली आहे का, ते तपासा.

५. कोपर किंचित वाकलेले आणि खांदे सैल राहतील इतके हँडल जवळ असावे.

६. एका वेळी एकच बदल करा, तोही ३ ते ५ मिलिमीटरचा. तीन-चार दिवस चालवून पाहा. जुने माप सीटच्या दांड्यावर टेपने चिकटवून ठेवा. सीट खूप खाली असेल तरी ती एका दिवसात वर नेऊ नका, स्नायूंना वेळ द्या.

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दुखण्याचे कारण सायकलबाहेर शोधावे लागेल. गुडघ्याला सूज येणे, गुडघा मधेच अडकणे किंवा दगा देणे, रात्री झोपेत दुखणे, हाताची पकड कमजोर होणे, पाठीतून पायात कळ उतरणे यांपैकी काहीही असेल तर तीन आठवडे थांबू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयातील अस्थिरोग विभागात दाखवा. येताना सायकल आणता आली नाही तर पायडलवर बसलेला बाजूने काढलेला एक फोटो मोबाइलमध्ये घेऊन या. पायडल खाली असतानाचा. डॉक्टरांना त्यावरून बरेच काही सांगता येते.